टिकलीवरचा सूर

सर्वण गावचा बाबली हट्टी होता, हे सांगायला मी कशाला हवा? गावात कुणालाही विचारा. खाणीवरचे बाकीचे ड्रायव्हर घाटीत गियर बदलायचे, हा म्हणे आधी रस्त्याला विचारायचा की तुला चढायचंय का. कामाला मात्र वाघ. दिवसभर डिचोलीच्या खाणीवरून नदीच्या धक्क्यावर लोखंडाची माती न्यायची, संध्याकाळी घरी येऊन लाल अंग धुवायचं आणि त्या यंत्रापुढे बसायचं, हा त्याचा नेम.

यंत्र म्हणजे गिटारच, पण मांडीवर घ्यायची नव्हे. चार पायांवर मेजासारखी उभी. वर दहा तारा. उजव्या हाताच्या बोटांत नख्या चढवायच्या आणि डाव्या हातात पोलादी कांडी घेऊन ती तारांवरून सरकवायची. खाली पायाशी तीन पेडल आणि गुडघ्याने ढकलायचे दांडे. पेडल दाबलं की तार आतून ताणली जाते आणि सूर गळ्यातल्या मींडीसारखा वर चढतो. आसगावचा मिंगेल बोटीवर बँड वाजवायचा. म्हातारपणी तो घरी परतला तेव्हा हे धूड त्याने बाबलीला दिलं आणि शिकवलंही. क्लच, ब्रेक, गियर एकाच वेळी सांभाळणाऱ्या माणसाला हे जमेल, असं त्याचं गणित होतं. ते गणित बरोबर निघालं. गावातल्या बायका तिला बाबलीची शिवणाची मशीन म्हणायच्या आणि ब्लाऊज कधी देतोस म्हणून विचारायच्या.

बाबली वाजवायचा आणि त्याची बायको शालिनी गायची. ती पेडण्याकडची, केरीची. आवाज असा, की कृष्णनाथबाबसारखा देवळाचा कारभारी, ज्याला कुणाचं बरं दिसत नाही, तोसुद्धा ऐकताना सुपारी कातरायचा थांबायचा. दर वर्षी पौषात देवळाच्या जत्रेत सगुणच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम व्हायचा आणि त्याची सुरुवात या दोघांच्या गाण्याने. गाणं शालिनीच्या आईचं, जात्यावरचं. अर्धं मालवणी, अर्धं मराठी, सासरी बसून आईची हाक ऐकणाऱ्या लेकीचं.

'दारची तुळस वाऱ्यान हालता, माका आवशीची हाक कळता.'

त्या वर्षांत गोव्यात भाषेवरून एवढी डोकी तापलेली, की सख्खे भाऊ एकमेकांकडचा पाव खात नव्हते. मराठीवाले म्हणायचे पहिलं गाणं आमचं, कोंकणीवाले म्हणायचे आमचं. शालिनीचं गाणं कुणाचंच पुरतं नव्हतं म्हणून दोघांनाही चालायचं. गावात तेवढी एकच गोष्ट भांडणाशिवाय पार पडत होती.

आता टिकलीचं सांगतो. त्या गिटारीवर पट्ट्यांच्या रेघा असतात, पण मांडवातल्या दिव्यांत त्या धड दिसत नाहीत आणि कांडी केसभर इकडेतिकडे झाली की सूर गेलाच. पहिल्याच जत्रेत बाबली चाचपडला. तेव्हा शालिनीने आपल्या पाकिटातली एक लाल टिकली काढली आणि तिचा सा जिथे लागतो तिथे, तारांखाली चिकटवली. हा माझा सूर, इथे या, म्हणाली. तेव्हापासून बाबलीची नजर त्या टिकलीवर आणि शालिनीचा सूर तिच्या जागेवर. टिकली जुनी झाली की ती स्वतः बदलायची.

गोवा राज्य झालं त्या पावसाळ्यात शालिनीच्या गळ्याला गाठ आली. मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी आधीच दोघांना बसवून समजावलं, की गाठ आवाजाच्या नसेला धरून आहे, जीव वाचवू, आवाजाचं सांगता येत नाही. शालिनीने मान हलवली. जीव वाचला. आवाज गेला. उरली ती कुजबुज, तीही जवळ कान नेला तर ऐकू येईल एवढी. आतल्या खोलीतून नवऱ्याला बोलवायचं तर ती दोन टाळ्या वाजवायची. पाववाला पोदेर सायकलची घंटी वाजवत आला की दारात उभी राहून किती उंडे, म्हणजे गोल पाव, हवेत ते बोटांनी सांगायची. रडली नाही, कुढली नाही. निदान कुणाला दिसेल असं नाही.

बाबलीने मात्र ते मनाला लावून घेतलं. महिनाभर त्याने गिटारीवरचं फडकं काढलं नाही. मग एक दिवस काढलं आणि शालिनीला म्हणाला, की यंदा जत्रेत मी वाजवेन आणि गाईनही. तुझं गाणं बंद पडायचं नाही. शालिनीचे डोळे पाण्याने भरले आणि तिने आनंदाने त्याच्या पाठीवर थाप मारली. इथवर सगळं झकास होतं. पण तो बसला, त्याने कांडी त्या लाल टिकलीवर ठेवली आणि तिथूनच गायला लागला.

अहो, बाईमाणसाचा सूर तो! बाबलीचा गळा ट्रक ड्रायव्हरचा, त्याचा सा चार पट्ट्या खाली. पहिली ओळ कशीबशी गेली. 'हाक' या शब्दावर चाल वर चढते, तिथे त्याचा आवाज चिरकला आणि खाली घसरला. आणि या वाद्याची खोडच अशी, की वाजवणारा गायला लागला की हात गळ्याचं ऐकतो. गळा घसरला, कांडीही त्याच्यामागे घसरली. दोघंही बेसूर आणि दोघंही एकमेकांना धरून, म्हणून त्याला स्वतःला कळेना. शालिनी चुलीकडे बसून ऐकत होती. तिने एक टाळी वाजवली, थांबा म्हणून. त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा टिकलीवरून.

हे दिवाळीपर्यंत चाललं. सगुण, ऑर्केस्ट्राचा मालक आणि तबलेवाला, बाबलीचा लहानपणापासूनचा दोस्त. तो यायचा, जनेलाच्या गजांना टेकून बसायचा आणि डोकं धरायचा. कांडी चार बोटं डावीकडे घे, एवढंच त्याचं म्हणणं. हार्मोनियमवाल्याला सूर बदलायचा तर बोटं बदलावी लागतात, बासरीवाल्याला बासरी बदलावी लागते, तुला नुसतं सरकायचंय रे, कसला एवढा घोळ? बाबली म्हणायचा, हे गाणं याच सुरात होतं आणि याच सुरात होणार.

सगुणला माहीत होतं की बाबलीला गाता येतं. एकदा खाणीवरून परत येताना तो ट्रकमध्ये बाजूला बसला होता. रिकामा ट्रक, उतार, आणि बाबली आपल्याच नादात तेच गाणं गुणगुणत होता, खालच्या सुरात, स्वतःच्या. पाय क्लचवर, हात गियरवर, नजर रस्त्यावर आणि गळा कसा मोकळा! 'हाक' तर अशी लागली की सगुणच्या अंगावर काटा आला. त्याने ते बोलून दाखवलं. बाबलीने गाणं तिथेच तोडलं आणि हॉर्न दाबत ट्रक डिचोलीच्या बाजारात आणला.

मग सगुणने दुसरा उपाय काढला. म्हापशाची पूनम, कॉलेजातली मुलगी, सूर शालिनीचाच. ती गाईल, तू वाजव. यावर बाबली इतका भडकला की सगुण चहा अर्धा टाकून उठला. जाताना अंगणातून म्हणाला, की सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुझा, जत्रेत तोंडघशी पडलास म्हणजे मला बोलवू नको उचलायला.

खरं काय ते बाबली कुणाला सांगत नव्हता, पण मी सांगतो. डॉक्टरांनी सांगता येत नाही म्हटलं होतं. येणारच नाही असं म्हटलं नव्हतं. त्या एका वाक्याला धरून तो बसला होता. टिकली जागेवर आहे तोवर शालिनीची जागा तिचीच आहे. आज ना उद्या ती खाकरेल, गळा साफ करेल आणि येऊन उभी राहील, आणि तेव्हा सूर तिला तिथेच सापडायला हवा, जिथे तिने ठेवला होता. तो खाली आणला तर आपणच तिच्या आवाजाला मूठमाती दिल्यासारखं होईल, अशी त्याला भीती होती. हट्ट म्हणा, वेड म्हणा, माझं काही म्हणणं नाही. बायकोवर एवढी माया असलेला माणूस मला तरी त्या वाडीत दुसरा माहीत नाही.

शालिनीला हे कळत नव्हतं असं थोडंच आहे? रोज घर झाडताना ती गिटारीवरची धूळ पुसायची. टिकलीपाशी तिचा हात थांबायचा. काही बोलावं तर त्याने कान जवळ आणायला हवा, आणि बाबली गायला बसला की कुणाला जवळ येऊ देत नसे.

जत्रा आली. दिवेलागणीला पालखी आत गेली आणि मांडवात माणसं जमली. माडांना कर्णे बांधलेले, खाज्याच्या दुकानांवर गर्दी. कृष्णनाथबाब पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसले आणि यंदा कोण गातंय हे चारचौघांना मुद्दाम विचारून घेतलं. मंचावर बाबली, त्याच्या तोंडासमोर वाकवलेला माइक, मागे सगुण तबल्यावर, तोंड वळवून. आणि बाबलीच्या उजव्या हाताला शालिनी, हातात झांज. आपण तिथेच बसणार, हे तिने आधीच खुणेने बजावलं होतं. गळ्याला पदर घट्ट गुंडाळलेला, कपाळावर लाल टिकली.

बाबलीने मान खाली घातली. नजर टिकलीवर. सुरुवातीचा तुकडा त्याने असा वाजवला की पोरंसुद्धा गप्प झाली. पेडल दाबलं, सूर वर गेला, सोडलं, खाली आला. मग त्याने तोंड उघडलं.

'दारची तुळस...' बरं गेलं. 'वाऱ्यान हालता...' ओढूनताणून गेलं. 'माका आवशीची' आणि 'हाक'वर आवाज फाटला. कांडी घसरली, गिटार कण्हली, आणि कर्ण्यांतून ते पार नदीपर्यंत गेलं असेल. मागच्या बाजूला कुणीतरी हसलं. बाबली थांबला. त्याने पुन्हा कांडी टिकलीवर नेली. सगुणने मागून हळू आवाजात, खाली घे रे बाबा, म्हटलं. बाबलीने ऐकलं नाही. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच फाटला. आता बरेच जण हसले आणि कृष्णनाथबाबनी सुपारी कातरायला काढली. बाबलीच्या कानशिलांवर घाम आला होता. पण हात तिसऱ्यांदा टिकलीकडे निघालाच होता.

शालिनीने झांज खाली ठेवली. ती उठून गिटारीवर वाकली आणि नखाने ती टिकली खरवडून काढली. बाबली बघतच राहिला. तिने ती चार बोटं डावीकडे लावून दाबली. चिकटेना. डिंक कधीचाच गेलेला. तिने एकवार बोटावरच्या टिकलीकडे पाहिलं, आणि मग आपल्या कपाळावरची काढली.

बायकांच्या बाजूला एकदम 'अगो बाय' झालं. नवरा समोर जिवंत बसलेला, भर जत्रेत, देवाच्या दारात, सवाष्णीने आपल्या हाताने कपाळ मोकळं करावं? कृष्णनाथबाबची बायको तर उठून उभीच राहिली. शालिनीने तिकडे पाहिलं नाही. ती टिकली तिने बाबलीच्या सुराच्या जागी चिकटवली आणि अंगठ्याने घट्ट दाबली. मग ती त्याच्याशी बोलायला वाकली. तिच्या आणि त्याच्या मध्ये तो माइक होता.

सहा महिने जे जवळ कान नेऊन ऐकावं लागत होतं, ते त्या संध्याकाळी सगळ्या सर्वणला ऐकू गेलं. कुजबुजच होती, फाटकी, वाऱ्यासारखी.

"माजी वाट बगू नकात," ती म्हणाली. "माजो सूर गेलो. तो आता येवचो नाय, माका म्हायत आसा. तुमी तुमच्या सुरात गावा."

बाबलीने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला. तो रडला. सगळ्यांदेखत, हातात नख्या घातलेल्या, त्यामुळे डोळेही पुसता येईनात. शालिनीने पदराने पुसले. मग खाली बसून तिने झांज उचलली आणि एकदा वाजवली, सुरू करा म्हणून.

त्याने कांडी नव्या टिकलीवर ठेवली. पाय पेडलवर गेला. सगुणने ठेका धरला, या खेपेला सरळ बसून. आणि बाबली गायला, जसा उतारावर रिकाम्या ट्रकमध्ये गायचा तसा. 'हाक' आली. गळा वर गेला, कांडी त्याच्या मागोमाग गेली, दोघंही जागेवर पोचले आणि तिथे थांबले. शालिनीचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण शब्द सगळे म्हणत होती.

गाणं संपल्यावर कृष्णनाथबाबची बायको देवळातला कुंकवाचा करंडा घेऊन मंचावर चढली. तिने शालिनीला आधी चांगलं फैलावर घेतलं, मग कपाळभर कुंकू लावलं आणि लावता लावता स्वतःच हुंदके द्यायला लागली. कृष्णनाथबाब, एवढ्या वेळात सुपारी कातरायचं विसरलेले, सगुणला म्हणाले की ठीक झालं, पुढचं घ्या.

जुनी टिकली मंचावरच कुठेतरी पडली होती. घरी जायच्या आधी बाबलीने गिटारीखाली, सतरंजीवर, दोरखंडांत ती खूप शोधली. शालिनी शेजारी उभी राहून बघत होती. थोड्या वेळाने तिने दोन टाळ्या वाजवल्या, तेव्हा तो उठला आणि तिच्याबरोबर घरी गेला.