एक दार सोडून

शनिवारी हूरियाने गाडी अंगणात आणली तेव्हा तिचा बाप, तामेहाना, शेडच्या दारात बसून वाम मासे साफ करत होता. मान वर न करता त्याने सुरी हलवली.

“फाकावातेया.”

म्हणजे गाडी मागे घे, टाकीची वाट अडली. ऑकलंडहून चार तास गाडी हाकून आलेल्या मुलीचं हेच स्वागत. तिने गाडी मागे घेतली.

हा माओरी शब्द त्याच्या तोंडी दिवसभर असे. कुत्रा उंबऱ्यात आडवा झाला की हाच, जेवून झाल्यावर टेबल आवरायचं तरी हाच. सभाघरात वाद चढले की काठी टेकत उठायचा आणि तेच म्हणायचा, मी बाजूला होतो, तुमचं चालू द्या. रेडिओवर कुणा मंत्र्याला घरी बसवल्याची बातमी आली तरी शब्द तोच. आणि माणूस गेलं, माती झाली, की मेलेल्याचं घर खोली खोलीने मोकळं करायचं, त्यालाही तोच. नदीकाठच्या वस्तीत ते काम तामेहानाचं होतं. हूरिया कॉलेजात इतिहास शिकवायची. शब्दकोशात या शब्दाने बरीच जागा अडवलेली तिने पाहिली होती, आणि दर वेळी पान उलटलं होतं.

त्या दुपारीही कुणाचं तरी घर होतंच. पुलापलीकडचा म्हातारा मातीआड करून लोक परतले होते. हूरियाने बापाला तिकडे नेलं. त्याने ओली डहाळी हातात घेतली, मंत्र म्हणत प्रत्येक खोलीत शिरला, कोपऱ्यांत पाणी शिंपडलं, कपाटांची दारं उघडली, मेलेल्याला नाव घेऊन सांगितलं, जा आता, वाट मोकळी आहे. मग सगळे जेवायला बसले. जेवलं की सुतक सुटतं.

हूरियाची आत्या काटेरिना ताटात मटण वाढता वाढता म्हणाली, “गावाची दारं उघडत फिरतोस, तामे. तुझ्या घरचं एक कधी उघडणार?”

“तुझं तोंड बंद होईल तेव्हा.”

“म्हणजे मी मेल्यावर. बरं, थांबते मग.”

लोक हसले. तामेहानाही हसला. हूरियाने बटाटा चिरला आणि खाल्ला नाही.

ती सतरा वर्षांची असताना आई गेली होती. मातीहून परतल्यावर घर मोकळं करायला तामेहाना स्वतःच पुढे झाला. दुसऱ्याला बोलवावं, असं सुचवायची कुणाची छाती झाली नाही. स्वयंपाकघर, पडवी, मुलीची खोली, सगळीकडे पाणी शिंपडलं, आणि आईच्या खोलीवरून तो सरळ चालत पुढे गेला. मागे चाळीस माणसं होती. सगळ्यांनी पाहिलं. कुणी बोललं नाही. तेव्हापासून ते दार त्याच्या एकट्याचं झालं. संध्याकाळी तो आत जाऊन बसे. बाहेर हूरिया जेवण झाकून ठेवी, अभ्यास करी, पुन्हा गरम करी. पुढे ती शहरात गेली. जेवण कोण झाकून ठेवतं, हे तिने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

परतताना गाडीत तो म्हणाला, “काटेरिनाच्या मटणात मीठ कमी होतं.”

“तू तीनदा घेतलंस.”

“बरं दिसत नाही, नाही म्हणणं.”

एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन गेली तेव्हा तो शेडमध्ये बाकावर कलंडलेला होता, एक बूट पायात, एक हातात.

पुढचे दिवस सभाघरात गेले. शवपेटी उघडी, उशाशी ती आणि आत्या. एकामागून एक माणसांचे जथे येत, रडत, भाषणं करत, रीतीप्रमाणे नाकाला नाक लावून भेटत. शेवटी शेवटी कोणाचं नाक आणि कोणाचे अश्रू, हे तिला कळेनासं झालं. रात्रभर गाणी, विनोद, तिच्या बापाची फजिती झालेले किस्से. झोप नव्हतीच. भूकही नव्हती. मग खड्डा, आईशेजारी. कबरस्तानाच्या फाटकाशी सगळ्यांनी नळावर हात धुतले. तिने दोनदा धुतले, कारण एकदा धुतल्याचं आठवेना.

तिथून थेट घरी. आता मंत्र म्हणायला एरुएरा होता, तिचा चुलतभाऊ, चर्चचा पाद्री. तामेहानाकडूनच शिकलेला. पडवी झाली, स्वयंपाकघर झालं. आईच्या दारापाशी तो थांबला. डहाळीतून पाणी त्याच्या बुटांवर ठिबकत राहिलं.

“आत्या, काय करू?”

“मला काय विचारतोस? घर हिचं.”

“पुढे चल,” हूरिया म्हणाली. “बाबा गेला होता तसाच.”

“हूरिया, काकाला आज जायचंय. काकी अजून आत असेल तर तो कसा जाईल?”

“तुला खरंच असं वाटतं?”

“मला पाय दुखतायत असं वाटतं,” एरुएरा म्हणाला. “पण दार सोडून गेलो तर उद्या आपण या घरात जेवायचं कसं? मागच्या वेळी सगळे गप्प बसले. मीही होतो, दहा वर्षांचा. मला तेव्हाही कळलं होतं.”

मागे बाया उभ्या होत्या, हातात झाकलेली पातेली. हूरियाला वाटलं, नको म्हणावं, सगळ्यांना घालवावं आणि उंबऱ्यावरच झोपून जावं. बापाचं जे काही उरलं होतं ते त्या दारामागे होतं. उघडलं की तेही संपणार.

तिने दार ढकललं.

पलंग, खुंटीवर आईचं निळं स्वेटर, आणि पलंगाकडे तोंड करून एकच खुर्ची. खुर्चीची बैठक खोल बसलेली. दुसरी खुर्ची कुठेच नव्हती. खिडकी रंगाने चिकटली होती. एरुएराने खांदा लावून ती उघडली, तेव्हा नदीवरची हवा आत आली आणि स्वेटरची बाही हलली.

“आता हाक तू दे,” आत्या हळूच म्हणाली. “माझं ऐकायचा नाही तो, तुला ठाऊक आहे.”

एरुएरा बाजूला झाला. हूरिया खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभी राहिली. आयुष्यभर वाचलेल्या वाक्यांतलं एकही तिला आठवेना. आठवलं ते झाकून ठेवलेलं जेवण.

“बाबा,” ती म्हणाली, “मी बाहेर होते. रोज. तू इथे बसायचास आणि मी बाहेर असायचे. माझीही आई होती ती. मला एकदा आत बोलवायचं होतंस. तू जा आता, तिला घेऊन जा. पण मला बोलवायला हवं होतंस.”