मागच्या सीटखालचं बटण

तांड्यात मोटारसायकल घेणारा खेमसिंग पहिलाच. एकसष्ट साली पुसदच्या एका निवृत्त फौजीकडून त्याने ती जुनी गाडी घेतली आणि तिला जादा दिवा अन् जुन्या जीपचा हॉर्न स्वतःच्याच हाताने जोडला. तारा पिळल्या, वर चिंधी गुंडाळली, झालं. पहिल्याच घाटात सीटखालून धूर निघाला आणि मागे बसलेल्या बायकोच्या, हंसाबाईच्या, घागऱ्याची कड जळली.

दुसऱ्या दिवशी तिनेच त्याला पुसदला अन्सार मिस्त्रीकडे नेलं. अन्सारने सगळ्या तारा उपटल्या.

"तार जाड पाह्यजे," तो म्हणाला. "अन् बॅटरीजवळ फ्यूज. काही बिघडलं तं तो जळते, गाडी नाही जळत. हँडलपाशी तार ढिली सोडा लागते, नाही तं वळवता वळवता तुटते."

त्याने प्रत्येक जोडाला कथलाचा डाख दिला, टाकीखालून जाणाऱ्या तारांवर रबरी नळी चढवली. खेमसिंग चहा प्यायला गेला तशी हंसाबाई जवळ सरकली.

"हॉर्नचं अजून एक बटण बसते काय? माह्या सीटखाली, कोणाले दिसू नये असं."

"बसते. पण कायले, भाभी?"

"लागते मले."

"भाऊ माह्यावर चिडन."

"तुमाले काही नाही म्हणत. मी हावो ना."

अन्सारने हसू दाबत सीटच्या कडेखाली बटण बसवलं.

रविवारी दोघं तिच्या माहेरी गेले. गाडीभोवती सारा तांडा जमला. खेमसिंग उतरला, हंसाबाई मात्र पाय आखडल्याचं सांगून सीटवरच बसून राहिली.

"वायरिंग कोणी केली, जवाई?" सासऱ्याने, देवीलालने, विचारलं.

"मीच केली, मामाजी."

हॉर्न वाजला. खेमसिंगने गाडीकडे वळून पाहिलं.

"पुसदचा मिस्त्री होता सोबत. त्याले मीच शिकवून राह्यलो होतो."

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी चांगला लांब. कोंबड्या कुडाखाली पळाल्या.

"तार कुठं तरी लागून राह्यली," असं म्हणत खेमसिंगने पेचकस काढला आणि नको तिथे खुपसला. ठिणगी उडाली. देवीलाल चार पावलं मागे सरला.

"आता पेटते काय हे?"

"नाही पेटत. अन्सारनं फ्यूज टाकला हाय, तोच गेला," खेमसिंग म्हणाला. तांड्यात पाय ठेवल्यापासून त्याचं हे पहिलंच खरं बोलणं होतं.

अन्सारने दिलेला दुसरा फ्यूज त्याने बसवला. मग देवीलालला फेरी मारायची हौस आली. हंसाबाईला नाइलाजाने उतरावं लागलं. म्हातारा मागे बसला, पडायच्या भीतीने त्याने सीटची कड गच्च धरली आणि हॉर्न जो सुरू झाला तो थांबेचना. खेमसिंगने वाकून हात घातला. बोटाला बटण लागलं.

हंसाबाई कोंबड्यांकडे बघत होती.

"हे कवापासून?" त्याने विचारलं.

"घागरा जळला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

देवीलाल एवढा हसला की पागोटं डोळ्यांवर आलं. सगळे हसत असताना खेमसिंगला चिडताही येईना. परतताना त्याने उतारावर गाडी पळवली, मागून हॉर्न वाजला आणि त्याने मुकाट्याने वेग कमी केला.

पुढे अन्सारने एकदा विचारलं, "ते बटण काढून टाकू काय?"

"राहू दे," खेमसिंग म्हणाला. "काढलं तं थे मागून चिमटे काढन."