तुरेवाली

दगड बाजूला सारून ठमाबाईनं कोंबड्यांचं डालगं उचललं आणि तिच्या तोंडून शिवीच निघाली. लाल कोंबडा एका अंगावर पडला होता, मान पार पाठीकडं फिरलेली. शेजारी दोन तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या, पंख सोडून हिरवं हगत बसल्या होत्या. तुरेवाली कोंबडी तेवढी ताठ होती. ती तरातरा बाहेर पडली आणि उकिरडा उकरायला लागली.

"मानमोडी आली गं माज्या दारात!" ठमाबाई कपाळाला हात लावून खालीच बसली.

मुहूर्त तरी काय साधला मेल्या रोगानं! आजच दुपारी जावई शीलाला न्यायला येणार होता. दिवाळीला माहेरी आलेली पोर, होळी झाली तरी पिंपळवंडीतच. का, तर लग्न होऊन ती खोडदला गेली आणि महिनाभरात सासूची दुभती म्हैस शॉक लागून मेली. तार तुटली वाऱ्यानं, नाव लागलं शीलाच्या पायगुणाला. शेवटी चार माणसं मध्ये पडली. तडजोडीला आलेल्या बायडाबाईंना, म्हणजे शीलाच्या सासूला, अंगणातली तुरेवाली नजरेत भरली. बायडाबाईंना कोंबड्यांचा भारी षोक. ठमाबाई लगेच बोलून गेली, "लेकीच्या हाती तीच धाडते विहीनबाई. अंड्यावरची हाय. भरल्या हातानं येऊ द्या पोरगी तुमच्या घरात."

तलंगांच्या चोचीत हळदीचं पाणी सोडलं, लसूण ठेचून घातला. काही उपयोग नाही. शीलानं जनावरांच्या डॉक्टरला फोन लावून आईच्या हाती दिला.

"आता औषध नाही, आजी," तो म्हणाला. "लस आधी द्यायची असते. मेलेल्या खोल पुरा. आणि जी चांगली दिसते ना, ती कुणाला देऊ नका. रोग तिच्याही अंगात असणार. जाईल तिथलं खुराडं रिकामं करील."

"आई, तुरेवाली नगं मला," शीला म्हणाली. "आत्याबाईंचं खुराडं भरल्यालं हाय."

"गप बस! ढोसतीय बग कशी. हिला काय धाड भरलीय? मोकळ्या हातानं गेलीस तर उंबऱ्यातच टोमणा खाशील. आन् हितं ऱ्हायली तर हीबी मरंल. तितं गेली तर तुमी दोघीबी जगताल."

शीलाला हे पटलं नव्हतं. पण माहेरात महिनोन्‌महिने बसून खाणाऱ्या लेकीचा आवाज तो केवढा!

सुदर्शन आला तेव्हा कोंबडा पुरून झाला होता आणि तलंगा घरामागं पाटीखाली झाकल्या होत्या. जावयानं चहा घेतला आणि अंगणभर नजर फिरवली.

"मामी, बाकीच्या कोंबड्या कुटं गेल्या?"

"रानात गेल्यात चरायला, पावणं."

शीला मान खाली घालून पिशवी धरून उभी होती. पाय बांधलेल्या तुरेवालीनं पिशवीतून डोकं बाहेर काढलं होतं आणि ती टुकुटुकु बघत होती. गाडी वळणाआड गेली तशी ठमाबाईनं पदरानं डोळे पुसले. लई दिवसांनी तिला भाकर गोड लागली. तलंगा रात्रीतच मेल्या, त्याचंही तिला फारसं काही वाटलं नाही.

आठवडा गेला असेल नसेल, बायडाबाईंचा फोन आला. आवाज असा, की ठमाबाईनं फोन कानापासून लांब धरला.

"ठमाबाई, माज्या समद्या कोंबड्या गेल्या! खुडूक बसल्याली अंड्यावरच वाकडी झाली. पयली गेली ती तुमची तुरेवाली. खरं सांगा, तुमच्याकडं रोग व्हता का?"

ठमाबाईनं मनात हिशेब मांडला. हो म्हणावं, तर जाणूनबुजून मरण धाडलं असं होणार आणि लेक उद्या दारात. नाही म्हटलं, तर जाईल खापर वाऱ्यावर, कावळ्यावर, कुणावरही.

"न्हाई बया," ती म्हणाली. "आमच्याकडं कुटला रोग?"

पलीकडं फोन स्पीकरवर होता. मग शीलाचा आवाज आला, अगदी बारीक. "आई, नीट आठव ना."

"आठवायचं काय त्यात? समद्या धडधाकट व्हत्या."

"आईकलास का रं सुदर्शन?" बायडाबाई म्हणाल्या. "तितं समद्या धडधाकट. हिनं हितं पाय ठिवला आन् खुराडं झाडून गेलं. आदी म्हस, आता कोंबड्या. उद्या तुजा नंबर लागंल! बांध गं तुजं बोचकं."

तेव्हा कुठं ठमाबाईच्या डोक्यात उजेड पडला. पायगुण ती साफ विसरलीच होती.

"विहीनबाई, थांबा! व्हता रोग, व्हता! मानमोडी व्हती. डाक्टरनं देऊ नगा म्हून सांगितलं व्हतं. माजीच बुद्धी फिरली. पोरीनं नगं म्हनलं व्हतं वो!"

"आता लेकीला झाकायला खोटं बोलू नगा," बायडाबाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला. ठमाबाईनं पुन्हा पुन्हा लावला. कुणी उचललाच नाही.

दिवस कलला तेव्हा फाट्यावरून शीला चालत आली. सोडायला आलेला सुदर्शन तिथूनच मागं फिरला होता. तिच्या नखांत माती होती. सगळ्या कोंबड्या तिच्याच हातानं पुरायला लावल्या होत्या. बोचकं तिनं ओट्यावर ठेवलं. तुरेवालीची पिशवी धुऊन घडी घालून आणली होती, तीही शेजारी ठेवली.

"पोरी, म्या सांगितलं गं त्यास्नी खरं," ठमाबाई म्हणाली.

"आईकलं मी," शीला म्हणाली.

ठमाबाईनं भाकरी थापायला घेतल्या. अंधारायला लागलं तशी शीला उठली. माहेरी असताना संध्याकाळचं हे काम तिचंच असायचं. अंगणातलं रिकामं डालगं तिनं जागेवर उपडं घातलं, आणि वर दगड ठेवला.