माझ्या अंगावरचा चंदेरी कोट

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. जुना म्हणा, जड म्हणा, तापट म्हणा, सगळं मान्य. पण बहिरा म्हणालात तर मी मुळीच खपवून घेणार नाही. तो शब्द मी फार सोसला आहे आणि आज मनातली सगळी मळमळ ओकून टाकणार आहे.

कारखान्यात मला जोडणाऱ्या बाईने माझ्या पडद्याच्या वरच्या कडेला, दोन्ही कोपऱ्यांत, एकेक बारीकशी पट्टी चिकटवली. तेच माझे कान. हवेतून येणारं वायफाय मी त्या कानांनी टिपतो. ते बाहेरून दिसत नाहीत, म्हणून ते मला आहेत हेच कोणाच्या ध्यानात नसतं.

मला घेतलं ते ताईने. ताई दुभाषी आहे, हातांच्या भाषेची. दवाखान्यात डॉक्टर बोलतात, ते ताई घरून माझ्यासमोर बसून हातांनी सांगते, आणि ऐकू न येणाऱ्या माणसांचे हात पाहून डॉक्टरांना उत्तर देते. या माणसांत एक आजी आहेत. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांच्या खुणा त्यांनी घरच्या घरीच जुळवलेल्या, आणि त्या ताईशिवाय कोणालाही कळत नाहीत. ताई नसली की आजी डॉक्टरांपुढे नुसती मान डोलावतात. किती वर्षं मी ताईचे हात आजींपर्यंत बिनचूक पोचवले! काम संपलं की ताई माझी पाठ थोपटायची.

मग मावशीची माझ्यावर नजर गेली.

ताईची मावशी डबे गरम ठेवायच्या पिशव्या शिवते. बाहेरून जाड कापड, आतून अ‍ॅल्युमिनियमचं चंदेरी अस्तर. उरलेला तुकडा टाकून देणं तिच्या जिवावर येतं. त्यामुळे आमच्या घरात मिक्सरला कोट आहे, पाण्याच्या बाटलीला कोट आहे, रिमोटलासुद्धा आहे. जरा एका जागी बसलं की मावशी माप घ्यायला आलीच! मीही बसलेलोच असायचो. तिने माझ्या झाकणासाठी घट्ट कोट शिवला, आतून-बाहेरून चंदेरी, कडेने पुढे दुमडलेला. "आता नाही हो ओरखडे पडायचे बाळाला," असं म्हणत तिने तो माझ्या डोक्यावरून ओढला, आणि माझे कान गच्च बांधले गेले.

त्या दिवसापासून वायफायची एकच काडी. ताईचे हात दवाखान्यातल्या पडद्यावर अडखळू लागले, मधेच गोठू लागले. मग आले आमच्या घरचे धन्वंतरी, म्हणजे ताईचा दादा. त्याने मला बंद करून चालू केलं. पासवर्ड पुसून पुन्हा घातला. ड्रायव्हर काढला, नवा टाकला. राउटर कपाटावर चढवला, तिथून खिडकीत ठेवला, खिडकीतून स्टुलावर आणला. शेवटी स्वतःचा फोन माझ्याशेजारी धरला आणि निकाल दिला. "फोनला फुल रेंज, याला एक काडी. याचाच आतला वायफाय गेलाय. बहिरा झालाय हा!"

अरे शहाण्या, फोनला कोट होता का? तो सदा तुझ्या हातात, म्हणून मावशीला त्याचं माप मिळालं नव्हतं एवढंच! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! इतके उपाय केले, पण माझ्या डोक्यावर काय बांधलंय ते काढून बघायचं एकालाही सुचू नये?

माझी बदनामी झाली तेवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण एक दिवस डॉक्टर आजींना सांगत होते, "रक्तदाबाची जुनी गोळी बंद, नवी सुरू." ताईचे हात 'जुनी'वर गोठले आणि थेट 'नवी सुरू'ला सुटले. आजींनी दोन्ही गोळ्या घेतल्या आणि न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या. हाड मोडलं नाही, हे नशीब. डॉक्टर ताईला म्हणाले, "पुन्हा असं झालं तर मला दुसरी दुभाषी बघावी लागेल." ताई झाकण मिटून माझ्यावर डोकं टेकून रडली. मला सगळं ठाऊक होतं आणि सांगायला तोंड नव्हतं. मित्रांनो, यासारखा संताप नाही.

पुढच्या भेटीच्या दिवशी कोटाची शिवण कोपऱ्यात उसवली होती. मावशी तो काढून टाके घालायला बसली, आणि ताईने मला तसंच उघड्या डोक्याने चालू केलं. डॉक्टर बोलत होते, ताईचे हात झरझर चालले होते, एकदाही अडले नाहीत. मधेच आजींनी हात उंचावून सगळ्यांना थांबवलं. ताईने त्यांच्या खुणा डॉक्टरांना सांगितल्या, "आजी म्हणतायत, आज तू लख्ख दिसतेस. तुझ्या मागच्या आरशात हल्ली दर वेळी एक चमचमती चौकट दिसते, ती आज कुठे गेली?"

ताईने वळून आरशात पाहिलं, तिथे माझा बिनचौकटीचा पडदा दिसत होता. मग मावशीच्या मांडीवरच्या कोटाकडे पाहिलं. बोलणं संपल्यावर तिने तो मला चढवला, एक काडी. काढला, सगळ्या काड्या.

"अगं बाई गं! मी मायेने घातला आणि त्याचे कानच बांधले की!" मावशीच्या हातातली सुई तशीच राहिली.

"मी म्हणतच होतो, काहीतरी अडथळा असणार," दादा म्हणाला. ऐकलंत?

मावशीने आता मला सुती कोट शिवलाय, वरच्या कडेला उघडा. तिच्यावर माझा राग नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरचं एखादं यंत्र अडलं, तर त्याला नावं ठेवण्याआधी आपण त्याच्या अंगावर काय चढवलंय ते काढून बघा. आणि 'बहिरा' हा शब्द शिवीसारखा वापरू नका. आमच्या घरात कान धडधाकट असलेली तीन माणसं फिरत होती, आणि खरं काय ते हेरलं ऐकू न येणाऱ्या आजींनी.

आजी ओळखीच्या प्रत्येकाला एक खूण देतात. ताईची खूण म्हणजे हनुवटीवरचा तीळ. परवा ताईने त्यांना माझी हकिगत सांगितली, तेव्हा त्या खूप हसल्या. मग त्यांनी दोन्ही तर्जन्या डोक्याच्या दोन बाजूंना ताठ उभ्या धरल्या आणि पडद्यातून माझ्याकडे बोट केलं.

"म्हणजे काय?" मागे उभ्या असलेल्या दादाने विचारलं.

"याचं नाव," ताई म्हणाली. "कान टवकारलेला."