थंड होऊ दिलेली कॉफी

समोर ठेवलेली कॉफी पाहुण्याने थंड होऊ दिली की द्रांदे सावध व्हायची. श्कोदर शहरातल्या त्या गल्लीत बिनकामाचा पाहुणा कॉफी पितो, चार घरांच्या उखाळ्यापाखाळ्या काढतो आणि उठतो. कप बाजूला सारतो तो मागणं घेऊन आलेला माणूस. कुणाचं वैर मिटवायचं असतं, कुणाला घरातली मुलगी मागायची असते. घरातलं मोठं माणूस "पी" म्हणेपर्यंत तो कपाला हात लावत नाही. आणि एकदा "पी" म्हटलं की शब्द दिला. मग नंतर कितीही डोकं आपटलं तरी तो फिरत नाही.

नवरा गेल्यापासून त्या घरातलं मोठं माणूस द्रांदे होती. तो असतानाही तीच होती, फक्त त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं.

तर टर्कीसुद्धा चोची उघड्या टाकून सावलीला बसल्या होत्या अशा एका दुपारी फाटकाशी दोन पोरं उभी राहिली. पांढरे सदरे, गळ्याशी आवळलेले टाय, विजारींना इस्त्री आणि छातीवर नावाची काळी पट्टी. अशा उन्हात टाय एकतर वेडा बांधतो, नाहीतर नवरदेव. बुटका होता त्याचं नाव क्रॉफ्ट. तो बोलायचा आपलीच भाषा, पण अशी, की पाद्री वेदीवरून वाचतोय. लांबुडका होता तो बर्जेसन. तो अमेरिकेतून नुकताच उतरला होता, त्याला आपल्याकडचं अक्षर कळत नव्हतं, म्हणून तो सगळ्यांकडे बघून हसत होता. कुत्र्याने विजारीचा पाय धरला तेव्हा तो कुत्र्याकडे बघूनही हसला.

"आदरणीय मातोश्री," क्रॉफ्ट म्हणाला, "आम्ही आपल्या कुटुंबासाठी एक आनंदाची वार्ता आणली आहे. आपलं कुटुंब कायमचं एकत्र नांदावं, असं आपणास वाटतं का?"

द्रांदेने दोघांना बुटांपासून भांगापर्यंत न्याहाळलं. एक बोलतोय, दुसरा लाजून नुसता हसतोय. तिने दोघांना द्राक्षाच्या मांडवाखाली बसवलं आणि कॉफी आणून ठेवली. दोघांनी छातीवर हात ठेवला आणि कप हळूच पुढे सारले.

तिला जे कळायचं ते कळलं. तिच्या घरात नात होती, वितोरे. बूट शिवायच्या कारखान्यात कामाला जायची, दिसायला आजीवर गेलेली, जिभेनेही आजीवरच. म्हणजे नातीला मागणं आलं होतं, आणि तेही थेट समुद्रापलीकडून.

पहिल्या खेपेला उत्तर देतात ती हलकी घरं. द्रांदेने त्यांचं बोलणं ऐकून घेतलं, त्यांनी दिलेलं निळं पुस्तक संत अंतोनीच्या तसबिरीशेजारी मानाने ठेवलं, आणि पुन्हा या म्हणाली.

ती पुन्हा आली. आली ती आली, वर घरात काही काम असेल तर सांगा म्हणाली. द्रांदेला हेच हवं होतं. जावयाला आधी जुंपून बघावं, नंतर बघून उपयोग नसतो. मागच्या अंगणात हिवाळ्याची लाकडं ढिगाने पडली होती, ती तिने दाखवली. पोरांनी टाय खांद्यावरून मागे टाकले आणि लागली कामाला. बर्जेसनने लाकडं अशी रचली की थप्पीच्या कडेवर अंडं ठेवावं तर घसरू नये. कॉफीला मात्र त्याही दिवशी दोघांनी हात लावला नाही.

तिसऱ्या खेपेला टर्कीचा नर भिंतीवरून उडून शेजारच्या प्रेनाच्या वाफ्यात उतरला. बर्जेसनने त्याच्या मागोमाग उडी टाकली. त्या पोरांचा नियम असा, की जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही, म्हणून क्रॉफ्टनेही उडी टाकली. तोवर टर्की परत अलीकडे आला होता. मग बर्जेसन अलीकडे, त्याच्यामागे क्रॉफ्ट अलीकडे. टर्की पुन्हा पलीकडे. प्रेना दारात हात कमरेवर ठेवून बघत होती आणि तिचे टोमॅटो तुडवले जात होते. द्रांदेला त्या दुपारी जेवणाहून जास्त समाधान झालं. पुढे तर एक जण संडासात गेला की दुसरा दाराबाहेर उभा राहतो हेही तिने पाहिलं. आधी तिला चमत्कारिक वाटलं. मग तिने ठरवलं, मोठ्या घरचा नवरदेव असणार, राखण लागतच असेल.

ही प्रेना म्हणजे जुनं दुखणं. गेल्या साली कपडे वाळत घालता घालता ती भिंतीवरून म्हणाली होती, की तुमची वितोरे आमच्या झेफला देऊन टाका. झेफ तिचा पुतण्या, वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा, नाकासमोर चालणारा. वितोरेच्या मनात तो होता हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण भिंतीवरून? ओल्या पायजम्याआडून? द्रांदेने तिथल्या तिथे सुनावलं, की या घरातली मुलगी दारातून येऊन, बसून, कॉफी बाजूला सारून मागतात; भिंतीवरून कोथिंबीर मागतात. प्रेनाही कमी नव्हती. तुझ्या दाराशी मागायला येईन तर नाव बदलीन, म्हणाली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद, नुसते टोमणे चालू. वितोरे मध्ये वाळत होती, पण तिच्याकडे बघायला दोघींना सवड नव्हती.

अमेरिकेचं मागणं ऐकल्यावर वितोरेने पोळी तशीच ताटात टाकली.

"अगं आजी, ती चर्चवाली पोरं आहेत. मॉर्मन म्हणतात त्यांना. घरोघर धर्म सांगत हिंडतात. आमच्या कारखान्यातसुद्धा आली होती."

"धर्म सांगणारा लाकडं रचतो होय? आपल्या पाद्र्याने कधी काडी उचललीय?"

"आणि ती कॉफी पीतच नाहीत. कुणाकडेच नाही. त्यांना चालत नाही."

द्रांदेने तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. कॉफी न पिणारा माणूस जगात असतो, हे या पोरीला कारखान्यात कुणीतरी भरवलेलं दिसत होतं. नवरा आवडला नाही म्हणून काय वाटेल ते सांगायचं? तिने जाहीर केलं की येत्या रविवारी ती शब्द देणार, आणि विषय मिटला.

शनिवारी संध्याकाळी वितोरे कपडे वाळत घालायला भिंतीपाशी गेली आणि बराच वेळ तिथे होती. त्या दिवशी घरात कपडे धुतलेच नव्हते, हे द्रांदेच्या लक्षात आलं, पण ती पीठ मळत होती आणि तिच्या डोक्यात अमेरिका होती.

रविवारी मांडवाखाली बाकं मांडली. मिशांना पीळ भरून दीर लाझेर आला. साक्षीला म्हणून, आणि खरं तर जळावं म्हणून, द्रांदेने प्रेनालाही निरोप धाडला होता. प्रेना काळा रेशमी झगा घालून मोठ्या फाटकातून आली आणि बाकावर ताठ बसली. एवढी माणसं बघून क्रॉफ्टला हर्षवायू व्हायचा बाकी होता. सबंध कुटुंब आपलं ऐकायला जमलंय, असं त्याला वाटलं. त्याने येशूची चित्रं आणली होती, ती लाझेरच्या मांडीवर ठेवली.

वितोरेने कॉफीचं तबक फिरवलं. लाझेरने आपला कप उचलून भुरका मारला. पोरांनी कप पुढे सारले. प्रेनानेही आपला कप बोटाने पुढे सारला, नाक वर करून. द्रांदेला वाटलं, रागाने पीत नाही. बरं झालं, जळू दे.

क्रॉफ्ट उभा राहिला. "आदरणीय मातोश्री, आज आम्ही आपल्याकडे एक वचन मागणार आहोत."

द्रांदेही उभी राहिली. डोक्यावरचा रुमाल सारखा केला, सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं, प्रेनाकडे जरा जास्त वेळ.

"या घराने शब्द दिला," ती म्हणाली. "प्या."

बर्जेसन हसला. क्रॉफ्टही हसला. कप होते तिथेच होते.

"पी, बाळा," द्रांदे म्हणाली.

"मातोश्री, क्षमा असावी. आम्ही कॉफी पीत नाही."

"मी शब्द दिल्यावरसुद्धा?"

"शब्दाबद्दल आम्ही फार ऋणी आहोत. पण आमच्या धर्मात कॉफी वर्ज्य आहे."

"मग मुलगी कशी नेणार?"

"कोणती मुलगी?" क्रॉफ्टने विचारलं.

लाझेरची एक मिशी खाली आली. त्याने बोटाने वितोरे दाखवली, मग बर्जेसन दाखवला, मग दोन्ही बोटं एकमेकांना चिकटवली. क्रॉफ्टचा चेहरा मैद्यासारखा झाला. धर्म सांगत फिरायची जी दोन वर्षं असतात, त्यांत ती पोरं मुलीच्या शेजारच्या खुर्चीवरसुद्धा बसत नाहीत, लग्न कसलं करतात. त्याने हळू आवाजात बर्जेसनला त्यांच्या भाषेत सगळं सांगितलं. बर्जेसनचे कान मिरचीसारखे लाल झाले. तो उठून उभा राहिला आणि आपल्याकडच्या भाषेतलं जे एकच वाक्य त्याला येत होतं ते त्याने फार नम्रपणे म्हटलं.

"संडास कुठे आहे?"

तो गेला. नियम म्हणून क्रॉफ्टही मागे गेला.

मांडवाखाली द्रांदे उभी आणि तिचा शब्द हवेत. चार माणसांत दिलेला, आणि घ्यायला कुणी नाही. उद्या गल्ली काय म्हणेल, की द्रांदेने नात देऊ केली आणि नवरा संडासात पळाला. बसावं तर हार, उभं राहावं तर तमाशा.

तेवढ्यात सावकाश, लांबलचक भुरका ऐकू आला. प्रेनाने कप उचलला होता. तळाचा गाळ दिसेपर्यंत ती प्याली, कप बशीत पालथा घातला आणि तोंड पुसलं.

"गोड आहे," ती म्हणाली. "आमच्या झेफला अशीच आवडते."

"तुला कुणी प्यायला सांगितलं?"

"तूच की. शब्द दिला, प्या, म्हणालीस. मी दारातून आले ना? बसले ना? कप पुढे सारला ना? का भिंतीवरून आले?"

लाझेरने मान डोलावली. त्याने सगळं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्याला जेवायची घाई होती. "वहिनी, रीतसर झालं," तो म्हणाला.

द्रांदेने नातीकडे बघितलं. वितोरे रिकामं तबक छातीशी धरून मांडवाच्या द्राक्षांकडे बघत होती. प्रेनाच्याच कपात एवढी साखर कशी, हे द्रांदेला आत्ता कळलं. शनिवारचे न धुतलेले कपडेही कळले. पोरगी आजीवरच गेली होती. रागवावं म्हटलं तर कुणावर रागवायचं, स्वतःच्याच तोंडावर?

"म्हणजे शेवटी आलीस माझ्या दाराशी मागायला," ती प्रेनाला म्हणाली. "आता नाव काय ठेवतेस, ते सांग."

"विहीणबाई ठेव," प्रेना म्हणाली.

ते उत्तर लाझेरने पुढे कित्येक वर्षं सगळ्यांना ऐकवलं.

पोरं दबकत दबकत परत आली तेव्हा द्रांदेने कप उचलून नेले होते आणि त्यांच्यापुढे गार ताकाचे दोन मोठे पेले ठेवले होते. "हे चालतं का तुमच्या देवाला?" तिने विचारलं. चालत होतं. बर्जेसनने एका दमात पेला रिकामा केला, तेव्हा दही लावणारी म्हणून तिला जरा बरं वाटलं. क्रॉफ्टने धीर करून विचारलं, की मग मातोश्री पुढच्या रविवारी आमच्या सभेला येतील का. द्रांदे म्हणाली, बघू, आधी लग्न उरकू दे, लग्नाला या, आणि तो टर्की धरून द्या, पंगतीला तोच आहे.

लग्न ठरल्यावर झेफ पहिल्यांदा रीतसर घरी आला. द्रांदेने त्याला कॉफी विचारली नाही. मागच्या अंगणात नेऊन उरलेला लाकडांचा ढीग दाखवला आणि बर्जेसनला शेजारी उभं केलं.

"याच्यासारखी रचायची," ती म्हणाली. "वाकडी झाली तर हा हसेल. तो कायमच हसतो, पण तेव्हा तुझ्यावर हसेल."