नाजीच्या घरची बंदूक

"दुसऱ्या कुणाची आणली तर नाही का चालणार?" हमामाने विचारलं.

आकिल दर्हमने कपाळाला हात लावला. गावाचा पुढारी तो, तंटे मिटवता मिटवता त्याची दाढी पांढरी झाली होती. "अगं बाई, दगड तुझ्या गोफणीतून सुटला ना? मग बंदूकही तुझ्याच घरची हवी. मुकबिलच्या पायाशी ठेवायची, 'तूच न्याय कर' म्हणायचं. त्याने माफ केलं, तर त्याच बंदुकीचा एक बार आभाळात काढेल आणि परत देईल. मिटलं."

"मी माकडाला मारला होता हो दगड!"

"माकडाच्या डोक्याला फेटा असतो का?"

माकडांची टोळी ज्वारीत शिरली होती हे खरं, आणि मुकबिल नेमका तेव्हाच बांधावर चढला हेही खरं. बाजाराचा दिवस, सोबत परगावचे पाहुणे, आणि म्हाताऱ्याचं कपाळ फुटून फेटा चिखलात. येमेनच्या डोंगरात माणूस जखम विसरतो, फेटा विसरत नाही. बंदूक नाही ठेवली तर पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर.

हमामाची अडचण वेगळीच होती. नवऱ्याची, नाजीची बंदूक भिंतीवर टांगलेली होती, पण तिची आतली पिन नाजीच्या हयातीतच मोडली होती, बार निघतच नव्हता. नाजी गेला, मुलगा रद्वान जिद्दाला कामाला गेला, आणि गावाच्या टोकाच्या त्या घरात एकट्या बाईची राखण या मुक्या बंदुकीने केली. अंधार पडल्यावर बाहेर कुणी खाकरलं की हमामा खिडकीतून नळी बाहेर काढायची. खाकरणारा निघून जायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची!

तिला सगळ्यांत जास्त धास्ती होती ती मुकबिलचीच. पाटाच्या पाण्यावरून त्याची नि नाजीची एकदा डोकी फुटायची वेळ आली होती. आता त्याच्याच हातात बंदूक द्यायची, आणि त्याने साऱ्या गावादेखत चाप ओढायचा. बार निघाला नाही की गावाला कळणार, आणि गावाकडून गुरं पळवणाऱ्या चोरांनाही.

शुक्रवारी नमाज झाल्यावर बोरीच्या झाडाखाली माणसं जमली. मुकबिल डोक्याला पट्टी बांधून मधोमध बसला होता. हमामाने दोन्ही हातांनी बंदूक त्याच्या पायाशी ठेवली. "चूक माझी. न्याय तुमचा, मुकबिलभाऊ."

मुकबिलने बंदूक उचलली, फिरवून पाहिली. "माफ केलं," तो म्हणाला.

"वाजव मग!" पोरंसोरं ओरडली. "होऊ दे बार!"

त्याने नळी आभाळाकडे केली. हमामाने डोळे गच्च मिटले.

"वाजव काय, वाजव?" मुकबिल खेकसला. "इथं कपाळ ठणकतंय सकाळपासून. या बाईचा एक दगड सोसला तेवढा पुरे. आता कानठळ्याही बसवून घेऊ?"

माणसं खो खो हसली. आकिलसुद्धा हसला, आणि त्याने हात उंचावून तंटा मिटल्याचं जाहीर केलं. हमामाचा जीव भांड्यात पडला. मुकबिलने परत दिलेली बंदूक तिने खांद्याला लावली.

परतीची वाट एकच. मुकबिल पुढे, ती चार पावलं मागे.

"रद्वानची आई," तो मागे न बघता म्हणाला, "त्या बंदुकीची पिन माझ्या हातून मोडली."

हमामा जागीच थांबली.

"पाण्याचं भांडण मिटल्यावर नाजी ती साफ करायला माझ्याकडे घेऊन आला होता. मीच शहाणपणा करायला गेलो. पुढं अंथरुणाला खिळल्यावर मला म्हणाला, 'बंदूक तू मोडलीस, आता घर तू राख.' म्हणून रोज एक चक्कर मारतो. खाकरतो. नळी बाहेर आली की म्हणतो, बाई जागी आहे, आणि घरी जाऊन झोपतो."

"ते... तुम्ही होतात?"

"मग काय, माकडं खाकरतात?"

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत! इतकी वर्षं मी घाबरून मरत होते!"

"सांगितलं असतं तर तू डाराडूर झोपली असतीस. मग चोरांना नळी कुणी दाखवायची?"

तिला हसू फुटलं आणि हसता हसता रडू. मरता मरता नाजी तिची एवढी सोय करून गेला आणि तिला पत्ताही लागू दिला नाही, मेल्याने! ओढणीआड तिने पोटभर रडून घेतलं. मुकबिल तिच्याकडे पाठ करून डोंगर बघत उभा राहिला.

घरी येऊन तिने बंदूक खुंटीला अडकवली, गुरांना चारा टाकला, भाकरी खाल्ली. इतकी चविष्ट भाकरी तिने बऱ्याच दिवसांत खाल्ली नव्हती.

शेवटची नमाज आटोपली आणि बाहेर कुणीतरी खाकरलं. हमामा उठली. सवयीने खुंटीकडे हात गेला, आणि तिने तो आवरला नाही. खिडकी उघडून नळी नेहमीसारखी बाहेर काढली.

"दिसली, दिसली!" खालून आवाज आला. "झोप आता."