गच्चीवरच्या दोन कुंड्या

ज्या बेटावरचं हे झाड, तिथे आता ते एकही उरलेलं नाही. शेवटची दोन, एक नर आणि एक मादी, मैलापूरला आमच्या गच्चीवर कुंड्यांत होती, कारण मी काम करते त्या वनस्पती संस्थेच्या काचघराची दुरुस्ती संपायचं नाव घेत नव्हती. दोन्ही एकाच वेळी कधी फुलली नव्हती. या खेपेला फुलणार होती. नराला एकुलती एक कळी. तिचे पराग दवाने भिजून वाया जाऊ नयेत म्हणून मी वर छत्री बांधली होती. आठवडाभर ताटावरून उठून गच्चीवर पळत होते.

आज सकाळी मादी फूल उमललं होतं. नराचा देठ रिकामा होता.

मी खाली धावले. घरमालक नारायणस्वामी, तंजावरचे मराठी, रोज गच्चीवरूनच पूजेची जास्वंद नेत. ते देवघरात डोळे मिटून जप करत होते आणि माझं फूल गणपतीच्या डोक्यावर होतं. जपात त्यांना हाक मारायची नाही, हे घर देतानाच बजावलेलं. मी उंबऱ्याशी बसले, उठले, पुन्हा बसले. ऊन चढत होतं. वरचं फूल दुपारी मिटणार. हात पुढे जायचा आणि मागे यायचा.

शेवटी त्यांनी डोळे उघडले. मी बोलायच्या आत फूल उचलून माझ्या ओंजळीत ठेवलं.

"घे अम्मा, प्रसाद. केसांत माळ."

फूल ओलं होतं.

"छत्रीखाली ठेवलेलंस, म्हणजे तुझं लाडकं," ते म्हणाले. "म्हणून नीट धुतलं. आत पिवळी धूळ बसली होती, ती सगळी काढली."